तुरुंगातल्या भावाचा डिपोर्टेशनचा हुकूम आणि हेबियस कॉर्पसचा अर्ज: टाकावा का, कुठे टाकावा, कधी टाकावा

प्रश्न ठाण्याच्या एका ताईंचा आहे, थोडक्यात देतो. धाकटा भाऊ २०१२ पासून ग्रीन कार्डवर अमेरिकेत. वायर फ्रॉडच्या (फोन-इंटरनेटवरून केलेल्या फसवणुकीच्या) सहा आरोपांपैकी एक कबूल केला, ३३ महिन्यांची शिक्षा झाली, पेन्सिल्व्हेनियातल्या एका फेडरल तुरुंगात आहे, सुटायला पाच महिने उरलेत. इमिग्रेशन जजने तुरुंगातूनच व्हिडिओवर सुनावणी घेऊन डिपोर्टेशनचा हुकूम दिला. भावाने स्वतःच अपील लिहिलं, ते इमिग्रेशनच्या अपील बोर्डाने १७ दिवसांपूर्वी फेटाळलं. आता बराकीतल्या एका जुन्या कैद्याने त्याला १४ पानांचा हेबियस कॉर्पस अर्ज लिहून दिलाय आणि सांगितलंय, "फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात टाक, फी फक्त पाच डॉलर." टाकावा का?

ताई, अर्ज अजून पाकिटात असेल तर पोस्टात पडू देऊ नका. फाडायलाही सांगू नका, त्यातली तीन-चार पानं कामाची आहेत. पण ज्या कोर्टाचं नाव वर लिहिलंय त्या कोर्टाला हा हुकूम रद्द करायचा अधिकार २००५ पासून नाही. ज्याला आहे, त्या कोर्टातली मुदत ३० दिवसांची. त्यातले १७ गेले. आधी उरलेल्या १३ दिवसांचं बोलू, हेबियसकडे मग येऊ.

तुम्हाला लागणाऱ्या कागदाचं नाव 'पिटिशन फॉर रिव्ह्यू'. तो डिस्ट्रिक्ट कोर्टात जात नाही, त्याच्या वरच्या सर्किट कोर्टात (काही राज्यांच्या गटासाठीच्या अपील कोर्टात) जातो. कुठल्या, ते इमिग्रेशन जजची सुनावणी कुठल्या गावच्या कोर्टात नोंदली गेली त्यावरून ठरतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत नोटिशीवर पेन्सिल्व्हेनियाच आहे, म्हणजे तिसरं सर्किट, फिलाडेल्फिया. कागद एका पानाचा असतो: नाव, ए-नंबर (इमिग्रेशन फाइलचा क्रमांक), बोर्डाच्या निकालाची तारीख, 'या निकालाचा फेरविचार व्हावा' एवढं एक वाक्य, प्रतिवादी म्हणून अमेरिकेचे अॅटर्नी जनरल, आणि सोबत बोर्डाच्या निकालाची प्रत. युक्तिवाद आता लिहायचा नाही. कोर्ट पुढे वेळापत्रक देतं, तेव्हा लिहायचा. फी ६०० डॉलर आहे आणि तुरुंगातल्या माणसाकडे ती नसते, हे कोर्टाला ठाऊक असतं. फीमाफीचा अर्ज सोबत जोडायचा, त्याला तुरुंगातल्या खात्याचा उतारा लागतो. तो मिळायला दोन दिवस लागतात, म्हणून आजच मागायला सांगा.

मुदत निकालावर छापलेल्या तारखेपासून मोजतात. व्हर्जिनियातल्या फॉल्स चर्चहून, म्हणजे बोर्डाच्या कचेरीतून, निघालेलं बोर्डाचं पाकीट भावाच्या हातात नऊ दिवसांनी पडलं असेल, तरी ते नऊ दिवस त्याच्याच खात्यातून गेले. जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने रायली खटल्यात एक गोष्ट सैल केली: ही मुदत कोर्टाच्या अधिकाराशी जोडलेली नाही, म्हणजे सरकारी वकिलाने उशिराची हरकत घेतली नाही तर अर्ज तग धरू शकतो. पण सरकारी वकील हरकत घ्यायला विसरेल, या आशेवर कुणी भावाचं ग्रीन कार्ड टांगून ठेवू नये.

आता तो १४ पानी अर्ज. तुमच्या बाजूने विचार केला तर त्या कैद्याचा सल्ला अगदी बरोबर वाटतो, कारण आपली सवय महाराष्ट्रातली. इथे पोलिसांनी कुणाला तडीपार केलं की आपण हायकोर्टात रिट टाकतो. ती तडीपारी दोन-चार जिल्ह्यांपुरती, फार तर दोन वर्षांची, आणि त्यासाठी हायकोर्टाचं दार उघडं असतं. वर हेबियस कॉर्पस हा शब्द आपल्या पिढीच्या कानात आणीबाणीपासून बसलाय. आणीबाणीत हेबियस मागताच येत नाही म्हणणाऱ्या १९७६ च्या जबलपूर खटल्यात यशवंतराव चंद्रचूड बहुमतात होते, आणि २०१७ मध्ये त्यांच्याच चिरंजीवांनी तो निकाल चुकीचा ठरवला, हे मराठी घरांत अजून चवीने सांगितलं जातं. त्यामुळे हेबियस म्हटलं की शेवटचं ब्रह्मास्त्र, असं वाटतं.

पण कायद्याच्या मराठी पुस्तकांत याला 'देहोपस्थिती' म्हणतात, आणि त्या शब्दात सगळं आलं. हा अर्ज देहाबद्दल असतो. 'हा माणूस तुम्ही कुठल्या अधिकाराने डांबून ठेवलाय, ते आमच्यापुढे सांगा,' एवढंच कोर्ट विचारतं. त्याला देशाबाहेर घालवायचा जो हुकूम आहे तो योग्य की अयोग्य, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं दार वेगळं. पक्षकारांना समजावताना हा फरक मला रोज करावा लागतो, कारण माणूस एकच असतो आणि त्याच्या घरच्यांना तो फक्त परत हवा असतो.

पूर्वी असं नव्हतं. १९९६ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, दोन कायदे करून गुन्हा सिद्ध झालेल्या परदेशी नागरिकांची अपिलं जवळजवळ बंद केली. मग कोर्टात जायचं कसं? २००१ मध्ये सेंट सिर या हैतीच्या माणसाच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अपील बंद केलंत तरी हेबियस बंद झालेलं नाही, फेडरल कायद्याच्या कलम २२४१ खाली हुकमालाही आव्हान देता येईल. चार वर्षं देशभरातले कैदी हाच अर्ज लिहीत होते. मग मे २००५ मध्ये रिअल आयडी कायदा आला. हुकमाला आव्हान द्यायचं ते फक्त सर्किट कोर्टात, पिटिशन फॉर रिव्ह्यूने, हेबियसने नाही, असं त्यात सरळ लिहिलं. त्या बदल्यात गुन्हा सिद्ध झालेल्यांनाही घटनेचा किंवा कायद्याचा प्रश्न सर्किट कोर्टात मांडायची वाट मोकळी ठेवली.

भावाच्या अर्जाच्या तिसऱ्या पानावर सेंट सिर आहे, सातव्यावर ग्रीन कार्डवाल्यांना डिपोर्टेशनमधून सूट देणारं जुनं २१२-सी कलम. म्हणजे हा नमुना २००५ च्या आधीचा. तुरुंगाच्या लायब्ररीत कुणीतरी कधीतरी लिहिलेला अर्ज हाताहाताने उतरत राहतो, नावं बदलतात, कायदा बदललाय हे मात्र कुणी खोडत नाही. लिहून देणाऱ्या माणसाला मी दोष देत नाही. असे काही कैदी फौजदारी कायदा कित्येक वकिलांपेक्षा बरा जाणतात. फक्त त्याच्या हातातला नकाशा जुना आहे.

हा अर्ज गेला असता तर काय झालं असतं? क्लार्कने पाच डॉलर घेतले असते, सिव्हिल नंबर दिला असता. मॅजिस्ट्रेट जजने चाळला असता, तीन-चार महिन्यांनी 'अधिकार नाही' असा अहवाल आला असता. तोवर ३० दिवस कधीच उलटलेले. या अर्जाची एक प्रत आधीच पोस्टात पडली असेल, तर पर्याय एवढाच: तो ३० दिवसांच्या आत दाखल झाला असेल तर कलम १६३१ खाली सर्किट कोर्टाकडे वर्ग करा, अशी लेखी विनंती त्याच नंबरवर करायची. न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटलं तर जज करतात. पण सरळ दारातून जाता येत असताना मागच्या दाराचा भरवसा धरू नका.

मग त्या अर्जातली कामाची पानं कुठली? दहा ते तेरा. तिथे लिहिणाऱ्याने नुकसानीच्या रकमेचा मुद्दा काढलाय, आणि तो खरंच दमदार आहे.

इमिग्रेशन कायद्यात फसवणुकीचा गुन्हा 'अॅग्रव्हेटेड फेलनी' (गंभीर वर्गातला गुन्हा) ठरायला पीडितांचं नुकसान १०,००० डॉलरपेक्षा जास्त असावं लागतं. तो शिक्का बसला की ग्रीन कार्ड वाचवायचे बहुतेक मार्ग बंद. ही रक्कम कशी ठरवायची, यावरचा मुख्य खटला एका भारतीयाचाच आहे: निझावन, २००९, तोही याच तिसऱ्या सर्किटमधून वर गेलेला. त्याच्या शिक्षेच्या कागदांत ६८ कोटी ३० लाख डॉलरची भरपाई होती, त्यामुळे तो हरला. पण हरता हरता एक नियम पक्का झाला. कोर्टाने रकमेसाठी शिक्षेचे कागद बघायला परवानगी दिली, मात्र रक्कम ज्या आरोपात दोषी ठरवलंय त्या आरोपाशी बांधलेली हवी. तिसऱ्या सर्किटने हे अलाका खटल्यात २००६ मध्येच म्हटलं होतं. जो आरोप कबूलच केला नाही, त्याचं नुकसान या हिशेबात ओढता येत नाही.

आता भावाचे कागद बघा. कबुलीच्या करारात नवव्या परिच्छेदात भरपाई ३८,००० डॉलर लिहिली आहे. पण त्याच्याच वरच्या ओळीत म्हटलंय की यात मागे घेतलेल्या आरोपांचंही नुकसान धरलंय. ज्या एका आरोपात तो दोषी आहे ते पैशांचं एकच हस्तांतरण, ८,६०० डॉलरचं. इमिग्रेशन जजने ३८,००० चा आकडा उचलला आणि पुढे गेले. सरकार म्हणणार की वायर फ्रॉडमध्ये सगळी 'स्कीम' हाच गुन्ह्याचा भाग असतो, म्हणून एका आरोपात सगळी रक्कम येते. हा प्रतिवाद पोकळ नाही, बऱ्याच जणांविरुद्ध तो चाललाय. तरी हा कायद्याचा प्रश्न आहे, आणि सर्किट कोर्ट नेमके तेच प्रश्न ऐकतं. २०२० मध्ये ग्युरेरो-लास्प्रिला खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कबूल असलेल्या तथ्यांना कायदा नीट लावला की नाही, हाही कायद्याचाच प्रश्न.

आणखी एक. बोर्डापुढे न मांडलेला मुद्दा सर्किट कोर्टात सहसा चालत नाही. भावाने हाताने लिहिलेल्या अपिलात तो मांडला होता, हे बोर्डाच्या निकालातल्या दुसऱ्या पानावरच्या तळटीपेत आलंय. त्याने एकट्याने, वकील नसताना, हे केलंय. त्याला माझ्यातर्फे शाबासकी सांगा.

हा शिक्का उठला तर लगेच सुटका होत नाही. पण ग्रीन कार्ड पाच वर्षांचं आणि अमेरिकेतला वास सात वर्षांचा झालेल्याला डिपोर्टेशन रद्द करायची विनंती करता येते. ती सात वर्षं गुन्ह्याच्या तारखेला थांबतात. तो २०१२ चा, म्हणजे गुन्हा २०१९ नंतरचा असला पाहिजे. आरोपपत्रावरची तारीख मला कळवा, फोटोत ती कापली गेलीय.

पिटिशन दाखल झाली की डिपोर्टेशन आपोआप थांबत नाही. स्थगितीसाठी वेगळा अर्ज लागतो, आणि निकेन खटल्याच्या (२००९) कसोट्या लागतात: जिंकायची शक्यता किती, भरून न येणारं नुकसान होतं का, दुसऱ्या पक्षाचं नुकसान किती, आणि सार्वजनिक हित कशात. नुसतं 'परत पाठवलं जाईल' हे त्या निकालाप्रमाणे पुरेसं नुकसान नाही, कारण भारतातूनही खटला चालवता येतो आणि जिंकलात तर परत येता येतं. म्हणून मुलं, आजारपण, उपचार, कागदांसह लिहावं लागतं. तुमच्याकडे याला थोडा वेळ आहे. शिक्षा भोगून होईपर्यंत सरकार साधारणपणे त्याला विमानात बसवू शकत नाही. पाच महिने म्हणजे स्थगितीचा अर्ज नीट बांधायला पुरेसे.

आता हेबियस. ते कामाचं नाही असं मी म्हणालो नाही, आज कामाचं नाही असं म्हणतोय.

सध्या भाऊ शिक्षेखाली तुरुंगात आहे. त्याच्या फाइलला आइसने (डिपोर्टेशन करणाऱ्या फेडरल इमिग्रेशन खात्याने) आय-२४७ए हा डिटेनर लावलाय, म्हणजे 'सुटताना आमच्या ताब्यात द्या' अशी विनंती. नुसता डिटेनर म्हणजे आइसची कस्टडी नव्हे, असं बहुतेक सर्किट कोर्टं मानतात. देह आज तुरुंग खात्याकडे आहे, तोही फौजदारी शिक्षेसाठी, तेव्हा 'आइसने का डांबलंय' हा प्रश्नच अजून जन्मलेला नाही. तो जन्मेल सुटकेच्या सकाळी, तुरुंगाच्या दारात पांढरी व्हॅन उभी राहील तेव्हा.

त्या सकाळपासून घड्याळ वेगळं चालतं. अंतिम हुकमानंतर पाठवणीसाठी सरकारला ९० दिवस, त्या काळात ताबा जवळजवळ सक्तीचा. पुढेही ठेवलं तर २००१ चा झॅडव्हायडस निकाल लागतो. जर्मनीतल्या निर्वासितांच्या छावणीत लिथुआनियन आईबापांच्या पोटी जन्मलेला हा माणूस कुठलाच देश घ्यायला तयार नव्हता. कोर्ट म्हणालं, सहा महिन्यांपर्यंतचा ताबा वाजवी धरू, त्यानंतर नजीकच्या काळात पाठवणी होण्याची शक्यता दिसत नसेल तर सोडावं लागेल. यासाठीच हेबियस, डिस्ट्रिक्ट कोर्टात, कलम २२४१.

मात्र भारतीयांना झॅडव्हायडसचा फायदा क्वचित मिळतो. ओळख पटली की भारताचा वाणिज्य दूतावास आपत्कालीन प्रवासपत्र देतो, आणि ते आलं की 'पाठवणी शक्य नाही' हा मुद्दा संपला. काही जण मुद्दाम दूतावासाच्या फॉर्मवर सही करत नाहीत, सहा महिने काढू म्हणतात. ती चलाखी अंगाशी येते. सहकार्य न केल्यास ९० दिवसांचं घड्याळच थांबतं, असं कायद्यात लिहिलंय, वर फौजदारी कारवाईची टांगती तलवार. भावाला सही करू दे.

सर्किट कोर्टाने स्थगिती दिली आणि आइसने तरीही महिनोन्‌महिने आत ठेवलं, तर मात्र लांबलेल्या ताब्याविरुद्ध हेबियस टाकता येतं. जेनिंग्ज (२०१८) आणि आर्टेगा-मार्टिनेझ (२०२२) या निकालांनी कायद्याच्या शब्दांतून जामिनाची सुनावणी मागायचा मार्ग बंद केला. घटनेतल्या ड्यू प्रोसेसचा (न्याय्य प्रक्रियेच्या हक्काचा) मार्ग अजून आहे, आणि त्यावर सर्किटागणिक मतं वेगळी. फिलाडेल्फिया त्यातल्या त्यात ऐकणारं कोर्ट आहे. लुईझियाना आणि टेक्सास ज्यात येतात ते पाचवं सर्किट बरंच कडक.

म्हणूनच सगळ्यात महत्त्वाची गोष्ट: देह कुठे आहे. हेबियस त्या जिल्ह्यातच टाकावं लागतं जिथे माणूस त्या क्षणी डांबलेला आहे, आणि प्रतिवादी म्हणून तिथल्या वॉर्डनचं नाव लागतं. २००४ च्या पडिया खटल्याने हा नियम पक्का केला. एप्रिल २०२५ मध्ये व्हेनेझुएलाच्या लोकांच्या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने तो पुन्हा ठणकावला. जॉर्जटाउन विद्यापीठातले भारतीय संशोधक बदर खान सुरी यांना मार्च २०२५ मध्ये व्हर्जिनियात उचललं आणि टेक्सासपर्यंत नेलं. अर्ज व्हर्जिनियात चालणार की टेक्सासात, यावरच आठवडे गेले. शेवटी व्हर्जिनियाच्या जजने अर्ज आपल्याकडे ठेवला आणि मे महिन्यात ते सुटले.

यातला माझा स्वतःचा धडा महागात पडलेला आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी साताऱ्याकडचा एक अशील न्यू जर्सीत आइसच्या ताब्यात होता. मी तीन दिवस बसून अर्ज लिहिला, सुरेख लिहिला, आणि दुपारी चारला नेवार्कच्या कोर्टात दाखल केला. त्याला सकाळी अकरालाच विमानात घातलं होतं. आइसच्या ऑनलाइन लोकेटरवर (कुणाला कुठे ठेवलंय ते दाखवणाऱ्या साइटवर) आदल्या दिवशीचंच केंद्र दिसत होतं आणि मी फोन करून खात्री केली नाही. अर्ज लुईझियानाला वर्ग व्हायला सात आठवडे गेले, आणि तिथे पोचल्यावर तिथला कायदा लागला. त्याच्या बायकोने मला एका शब्दाने बोल लावला नाही, ते अजून बोचतं. तेव्हापासून आधी लोकेटर, मग केंद्राला फोन, मग अशिलाशी प्रत्यक्ष बोलणं, आणि त्यानंतरच 'फाइल' हे बटण.

उलट बाजूने हेही लक्षात ठेवा: अर्ज योग्य जिल्ह्यात दाखल झाल्यावर माणूस हलवला, तर पहिल्या कोर्टाचा अधिकार जात नाही. हा नियम मित्सुये एंडो या जपानी-अमेरिकन तरुणीच्या १९४४ च्या खटल्यातला. दुसऱ्या महायुद्धात तिला कॅलिफोर्नियातल्या छावणीतून युटाला हलवलं तरी खटला कॅलिफोर्नियातच राहिला. तेव्हा व्हॅन येण्याआधी कच्चा अर्ज तयार हवा, फक्त केंद्राचं आणि वॉर्डनचं नाव रिकामं. ते भरून त्याच दिवशी दाखल. कोर्टाचा छापील नमुना आहे, एओ २४२. भावाला तो तुरुंगाच्या लायब्ररीत मिळेल.

तुम्ही बातम्यांत वाचता ते हेबियस बरेचसे वेगळ्या जातीचे आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये बोर्डाने यजुरे हुर्ताडो निकाल दिला की तपासणीविना सीमा ओलांडून आलेल्यांना जामीनच नाही. त्यावर देशभर अर्जांचा पूर आला आणि अनेक डिस्ट्रिक्ट जजांनी बोर्डाचं म्हणणं धुडकावलं. भाऊ व्हिसावर रीतसर आलाय, त्याला ते लागू नाही. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला लष्करी विमानातून १०४ जण उतरले, त्यात तिघे महाराष्ट्रातले होते, तेव्हापासून महाराष्ट्रातून येणारे फोन वाढलेत. पण सीमेवरच्या झटपट हुकमाचे नियम निराळे, आणि तिथे हेबियसला जागा फारच चिंचोळी.

जवळचं उदाहरण हवं तर सुब्रमण्यम वेदम यांचं घ्या. तान्हे असताना भारतातून पेन्सिल्व्हेनियात आले. खुनाच्या आरोपाखाली ४० हून जास्त वर्षं तुरुंगात काढली. २०२५ मध्ये तो निकालच रद्द झाला, ऑक्टोबरमध्ये बाहेर पडले आणि त्याच दिवशी आइसने उचललं. कारण तरुणपणी कबूल केलेला अमली पदार्थांचा गुन्हा तसाच होता आणि डिपोर्टेशनचा जुना हुकूमही तसाच. दोन कोर्टांनी पाठवणी थांबवली. पण मुख्य लढाई ते जुनं प्रकरण बोर्डाकडून पुन्हा उघडून घ्यायची होती. देहाची सुटका झाली तरी हुकूम कागदावर जिवंत राहतो, तो असा.

मूळ गुन्ह्याच्या निकालावरही एक वाट असते. डिपोर्टेशन होईल हे वकिलाने कबुलीआधी सांगितलंच नसेल, तर पडिया विरुद्ध केंटकी (२०१०, वर आलेल्या पडियाशी याचा संबंध नाही) प्रमाणे ती वकिलाची घटनात्मक चूक. त्यासाठी शिक्षा देणाऱ्या कोर्टात कलम २२५५ चा अर्ज, मुदत एक वर्ष. भावाच्या शिक्षेला २२ महिने झाले. शिवाय कबुलीच्या वेळी जजने स्वतः डिपोर्टेशनची ताकीद दिलेली असते, तसा नियमच आहे, आणि सरकार तोच उतारा पुढे करतं. इथे मला फार आशा दिसत नाही. तरी सुनावणीचा उतारा मागवा.

जाता जाता एक, जे तुम्ही विचारलं नाही. फर्स्ट स्टेप कायद्याखाली भावाने तुरुंगातल्या वर्गांना बसून सुटकेसाठी जे दिवस कमावले ते, डिपोर्टेशनचा हुकूम अंतिम झाला की, सुटकेसाठी वापरता येत नाहीत. बोर्डाच्या निकालाने तो अंतिम झाला. त्यामुळे तुरुंगाच्या संगणकावर सुटकेची तारीख पुढे सरकलेली असू शकते आणि तुमचे 'पाच महिने' सात होऊ शकतात. केस मॅनेजरकडून ताजा हिशेब छापून घ्यायला सांगा. चांगल्या वर्तनाचे दिवस मात्र वेगळे, ते जात नाहीत. हिशेब चुकीचा वाटला तर तक्रार तुरुंग खात्याच्या फॉर्मांवरून, आधी बीपी-८, मग ९, १०, ११ अशी पायरीने चढते, आणि मग कलम २२४१. गंमत बघा, भावाला आज खऱ्या अर्थाने लागू होणारं हेबियस हे एवढंच.

कागद गोळा करताना लक्षात ठेवा, प्री-सेंटेन्स रिपोर्टची (शिक्षेआधी कोर्टासाठी तयार होणाऱ्या अहवालाची) प्रत कैद्याला कोठडीत ठेवता येत नाही, केस मॅनेजरसमोर बसून वाचावी लागते. त्यातले नुकसानीचे परिच्छेद त्याला हाताने उतरवून घ्यायला सांगा, परिच्छेदाच्या क्रमांकासह. कबुलीचा करार, निकालपत्र, आरोपपत्र तुमच्याकडे आहेच. ठाण्याहून तुम्ही त्याच्या वतीने सही करू शकत नाही, पिटिशनवर सही त्याचीच. आणि 'अर्ज भरून देतो, खात्रीने सुटेल' म्हणणारे कन्सल्टंट तुम्हाला गाठतील. वकिलाचा परवाना कुठल्या राज्याचा, एवढं विचारा, पुढचा फोन येत नाही.

पिटिशन तुरुंगाच्या 'लीगल मेल'मधूनच (कोर्टाच्या कागदांसाठीच्या वेगळ्या टपालातूनच) जाऊ द्या, साध्या टपालपेटीत नको. सोबत एक ओळीचं प्रतिज्ञापत्र: 'हे पाकीट अमुक तारखेला तुरुंगाच्या अधिकाऱ्याकडे दिलं, पहिल्या दर्जाचं टपाल भरलेलं आहे, हे खोटेपणाच्या शिक्षेच्या जाणिवेने सांगतो,' खाली तारीख आणि सही. एवढं असलं की पाकीट फिलाडेल्फियाला उशिरा पोचलं तरी दिल्याची तारीखच धरतात. तुमचा १३ वा दिवस रविवारी येतोय, त्याआधीच्या बुधवारी पाकीट त्याच्या हातातून गेलं पाहिजे. अधिकाऱ्याने वहीत नोंद केली की त्या नोंदीचा नंबर त्याला फोनवर तुम्हाला सांगायला सांगा, आणि लिहून ठेवा.